मेलाटोनिन, दारू आणि लिव्हर: हा दावा आला कुठून?

झोपेसाठी घ्यायची मेलाटोनिनची गोळी दारूने होणाऱ्या इजेपासून लिव्हरलाही वाचवते, असं अलीकडे अधूनमधून ऐकू येतं. सोलापुरात अशा बातमीकडे लक्ष जाणारच. इथे रातपाळी आहे आणि दारूही आहे. शहराच्या पूर्व भागात कापडाचे माग रात्रीही चालतात. जिल्हा उसाचा आणि मळीचा. हातभट्टीचा प्रश्न इतका मुरलेला की 2021 मध्ये ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. नुसत्या धाडी घालण्यापेक्षा भट्टी लावणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचं, असा त्यामागचा विचार होता.

मेलाटोनिनचा दावा अगदीच थाप नाही. उंदरांपुरता त्याला चांगला आधार आहे. पण तो माणसाच्या गोळीपर्यंत कसा येऊन पोचला, हे मुळातून पाहण्यासारखं आहे.

सुरुवात ना झोपेपासून झाली, ना लिव्हरपासून. 1917 मध्ये मॅककॉर्ड आणि ॲलन या अमेरिकी संशोधकांनी गाईगुरांच्या मेंदूतल्या पीनियल ग्रंथीचा अर्क बेडूकमाशांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकट पडली. कातडीचा रंग बदलणारं हे द्रव्य कोणतं, हे शोधायला पुढे चाळीस वर्षं गेली. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना त्यातून कोडावर काही इलाज सापडेल अशी आशा होती. कत्तलखान्यांतून आणलेल्या लाखाहून जास्त ग्रंथी त्यांच्या प्रयोगशाळेत वाटल्या-गाळल्या गेल्या आणि 1958 मध्ये ते द्रव्य, म्हणजेच मेलाटोनिन, हाती लागलं. कोडावर त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी शरीर सेरोटोनिन या आपल्याच एका रसायनापासून मेलाटोनिन कसं बनवतं ते उलगडलं. ते अंधार पडल्यावर वाढतं आणि उजेडात थांबतं, हेही हळूहळू स्पष्ट झालं. माणसात मात्र उजेडाचा काही परिणाम होत नसावा, असं बराच काळ मानलं जात होतं. 1980 मध्ये आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी रात्री प्रखर दिवे लावून माणसाचं मेलाटोनिन खाली आणून दाखवलं, तेव्हा ही समजूत मोडली. 1877 मध्ये जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाल्यापासून भोंग्यावर उठणाऱ्या-निजणाऱ्या सोलापूरला हा शोध खरं तर जवळचा वाटायला हवा. पण त्या वेळी त्याची चर्चा फक्त झोपेपुरती राहिली.

लिव्हरची गोष्ट निराळ्या वाटेने येत होती. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी 1819 मध्ये कडक, पिवळट, गाठाळलेल्या लिव्हरला ‘सिरॉसिस’ हे नाव दिलं. दारुड्यांना तो होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण का होतो, यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य उत्तर असं होतं की पिणारा नीट जेवत नाही, म्हणून. आपल्याकडे ही समजूत अजून ठणठणीत आहे. ‘खाऊन प्यायलं की काही होत नाही’ हे वाक्य सोलापुरातल्या कुठल्याही परमिट रूममध्ये, मटणाच्या ताटासमोर ऐकायला मिळेल.

ही समजूत खोडून काढली न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी. त्यांनी बबून माकडांना सकस खुराक दिला, पण त्यातले निम्मे उष्मांक दारूचे ठेवले. पोट भरलेल्या त्या माकडांचंही लिव्हर बिघडलं आणि काही वर्षांत काहींना सिरॉसिस झाला. 1970च्या दशकातल्या या प्रयोगांनंतर दोष जेवणाचा नसून दारूचाच आहे, यावर फारसा वाद उरला नाही. त्याआधी 1968 मध्ये लीबर यांनीच लिव्हरमधली दारू जाळण्याची दुसरी यंत्रणा शोधली होती. रोज पिणाऱ्यात ती जास्त जोरात चालते आणि चालताना फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींची नासधूस करणारे कण, सोडते. शिवाय दारूने आतड्याचा पडदा झिरपू लागतो. जंतूंची विषारी द्रव्यं रक्तातून थेट लिव्हरकडे जातात आणि तिथे दाह पेटतो.

दोन्ही वाटा 1993 मध्ये एकत्र आल्या. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे रसेल रायटर आणि त्यांचे सहकारी दुन-शियान तान यांनी दाखवलं की मेलाटोनिन हे फ्री रॅडिकल्सना निकामी करणारं जोरकस द्रव्य आहे. दारू फ्री रॅडिकल्स वाढवते आणि मेलाटोनिन ते टिपतं, मग दोन्ही एकत्र देऊन पाहावं, हे ओघानेच आलं. पुढच्या वर्षांत उंदरांवर असे प्रयोग पुष्कळ झाले. मेलाटोनिन दिलेल्या उंदरांत लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स कमी वाढली, चरबी कमी साठली आणि दाह कमी दिसला.

इथे आकडेमोड करून पाहायला हवी. अशा प्रयोगांत डोस बऱ्याचदा वजनाच्या किलोमागे 10 मिलीग्रॅमच्या आसपास असतो. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर 600 मिलीग्रॅम होतात. उंदराचं शरीर औषध लवकर उडवतं म्हणून रॅट या मोठ्या जातीच्या उंदराचा डोस माणसासाठी साधारण सहाने भागतात. तसं केलं तरी 100 मिलीग्रॅम उरतात. मेडिकलमधली गोळी 3, 5 किंवा 10 मिलीग्रॅमची असते. आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. प्रयोगात मेलाटोनिन बहुतेकदा दारूच्या आधी किंवा दारूबरोबर दिलेलं असतं. सिव्हिलमध्ये येणारा रुग्ण डोळे पिवळे झाल्यावर किंवा पोटात पाणी भरल्यावर येतो, तोवर दहा-पंधरा वर्षं पिऊन झालेली असतात.

माणसांवर थोडं काम झालं आहे, पण ते दुसऱ्या आजारावर. पोलंडमध्ये दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांना रोज 10 मिलीग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर काही एन्झाइम्स उतरली. रुग्ण मोजके होते. दारूने लिव्हर बिघडलेल्या माणसांना मेलाटोनिनने वाचवता येतं, हे कुठल्याही मोठ्या चाचणीने सिद्ध केलेलं नाही.

शिवाय मेलाटोनिनचा निचरा करण्याचं काम लिव्हरचंच. सिरॉसिसमध्ये ते काम मंदावतं, रक्तातलं मेलाटोनिन दिवसाही चढं राहतं आणि रात्री झोप न येता दिवसा पेंग येते. म्हणजे ज्याला गोळी द्यावीशी वाटते, त्याच्याच शरीरात ती नको इतकी रेंगाळणार. युरोपात 2007 मध्ये मंजूर झालेल्या 2 मिलीग्रॅमच्या गोळीच्या माहितीपत्रकात लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी ती घेऊ नये असा सल्ला आहे, आणि दारूबरोबर घेऊ नये असाही.

माझ्या मते सोलापूरच्या कामाचा धागा गोळीत नाही, पाळीत आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी 2013 मध्ये उंदरांचं दिवस-रात्रीचं चक्र बिघडवून त्यांना दारू दिली, तेव्हा आतडं जास्त झिरपलं आणि लिव्हरची हानी वाढली. 2016 मध्ये त्यांनी रातपाळीच्या आणि दिवसपाळीच्या कामगारांना ठरावीक, बेताची दारू देऊन तपासलं. रातपाळीवाल्यांचं आतडं दारूने जास्त झिरपतं असं दिसलं. पहाटे मागावरून सुटून ‘झोप यावी म्हणून’ क्वार्टर मारणाऱ्याने हे ऐकायला हवं. दारूने रात्रीचं मेलाटोनिनही घटतं, त्यामुळे त्या झोपेचाही फार भरवसा नाही.

लीबर यांच्या बबूनांकडे पुन्हा यावं लागतं, कारण लिव्हरच्या रक्षणाचा असाच एक दावा त्यांनी स्वतः माणसांपर्यंत नेला होता. सोयाबीनमधून काढलेल्या एका द्रव्याने बबूनांचं लिव्हर कडक होणं थांबलं. बार्शीच्या बाजारात सोयाबीनचे ढीग पाहणाऱ्याला ही बातमी केवढी गोड वाटली असती! अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 789 रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली. 2003 मध्ये निकाल आला. द्रव्य घेणारे आणि न घेणारे यांच्या लिव्हरमध्ये फरक नव्हता. मात्र चाचणीत आले तेव्हा रोज सरासरी 16 पेग पिणारे हे लोक दोन्ही गटांत अडीच पेगांपर्यंत उतरले होते. त्यासाठी कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. नर्स आणि डॉक्टर त्यांच्याशी ठरावीक काळाने थोडा वेळ बसून दारूबद्दल बोलत होते.