नागरी बचत गट

शहरातल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील, साधारणपणे एकाच वस्तीत राहणाऱ्या 10 ते 20 महिलांनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करून, त्याच पैशातून एकमेकींना कर्ज देण्यासाठी चालवलेला गट. नियम ग्रामीण बचत गटासारखेच असतात. मात्र गट बांधणे, तो बँकेशी जोडून देणे आणि त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणे ही कामे शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे असतात. मोठ्या महापालिकांत समाजविकास विभाग ती पाहतो. वस्तीतल्या बायकांशी रोजचा संबंध येतो तो या विभागाच्या समूह संघटिकेचा, म्हणजे वस्तीत फिरून गट बांधणाऱ्या कर्मचारी बाईचा.

गट आणि भिशी यांत वस्तीत अनेकदा गल्लत होते. भिशीत जमलेली सगळी रक्कम चिठ्ठी निघेल तिच्या हाती जाते आणि फेरी संपली की हिशेबही संपतो. गटाचा पैसा मागे राहतो आणि वाढतो. दहा जणींनी महिना 200 रुपये टाकले, तर सहा महिन्यांत 12,000 रुपये होतात. त्यातून एखादीने शेकडा दोनने 10,000 उचलले, तर पहिल्या महिन्याचे 200 रुपये व्याज गटाच्याच पेटीत येते. सावकार शेकडा पाच, अडलेल्याला दहानेही देतो आणि ते व्याज वस्तीबाहेर जाते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाच गोष्टींना ‘पंचसूत्री’ म्हणतात. कर्ज देण्यापूर्वी बँक गटाची प्रतवारी करते तीही याच पाच गोष्टींवर, त्यामुळे ठराववही आणि खतावणी कोरी असलेल्या गटाच्या पदरी फारसे पडत नाही.

मुंबईत या विचाराची सुरुवात खानावळीपासून झाली. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरचे जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीवर माल घेत आणि त्यातच अडकून पडत. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून दिले. तारण म्हणून ठेवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण ठरले. महाराष्ट्र शासनाचे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, त्याच वर्षी निघाले. राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे ‘नाबार्ड’ने, 1992 मध्ये देशभरात 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खाते उघडता येऊ लागले. पुढच्या सर्व योजना या एका सवलतीवर उभ्या आहेत.

शहरात गरीब कोणाला म्हणायचे, हा प्रश्न केरळमधील आलप्पुळा नगरपालिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फार शहाणपणाने सोडवला. मजुरी करणाऱ्या घराचे उत्पन्न कागदावर सापडत नाही; म्हणून तिथे पक्के घर आहे का, संडास आहे का, पिण्याचे पाणी जवळ आहे का, असे डोळ्यांना दिसणारे नऊ निकष लावले. त्यांपैकी चार लागू झाले की कुटुंब गरीब. पडताळणी शेजारणीच करत, त्यामुळे खोटी नोंद फार काळ टिकत नसे. 1998 मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ या केरळच्या महिला गटांच्या अभियानाचे मूळ याच प्रयोगात आहे. महाराष्ट्रातल्या शहरांनी उत्पन्नाचा दाखला आणि दारिद्र्यरेषेची यादी यांवरच भर ठेवला. त्यात ज्यांना गटाची खरी गरज त्या भाडेकरू आणि नव्याने आलेल्या बायका अनेकदा यादीबाहेर राहिल्या.

केंद्राची स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना डिसेंबर 1997 मध्ये आली. तिच्या जागी 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि 2016 मध्ये सर्व नगरपालिका शहरांना लागू झाले. त्यात गटाला आपसात कर्जाऊ फिरवण्यासाठी 10,000 रुपये ‘फिरता निधी’ मिळे. निदान 70 टक्के सभासद शहरी गरीब असावेत, ही अट होती. असे 10 ते 20 गट मिळून वस्तीस्तर संघ होई आणि त्याला 50,000 रुपये मिळत. बँक कर्जावरचे 7 टक्क्यांवरील व्याज सरकार भरे. महिला गटाने हप्ते वेळेवर फेडले तर आणखी 3 टक्के सूट मिळे, म्हणजे कर्ज प्रत्यक्षात 4 टक्क्यांनी पडे. रक्कम लहान वाटते. पण वर पाहिलेल्या गटाच्या 12,000 मध्ये हे 10,000 पडले की एका वेळी दोघींना कर्ज देता येते, आणि मुलाची फी व सासऱ्याचे आजारपण एकाच महिन्यात आले तर दोघींपैकी एकीला परत पाठवावे लागत नाही.

उत्पादनाच्या बाजूला चित्र इतके चांगले नाही. शिलाई मशीन, मेंदी, पापड-लोणची यांपलीकडे प्रशिक्षण क्वचितच गेले आणि एकाच गल्लीत चार गट तीच चकली विकताना दिसतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेची पवनाथडी जत्रा गटांना मोठी बाजारपेठ देते, पण ती काही दिवसांची. खरा भरवशाचा धंदा पालिकेच्या स्वतःच्या खरेदीतून येतो. शालेय पोषण आहाराचे काम शहरांतल्या अनेक गटांकडे होते. पुढे मध्यवर्ती स्वयंपाकगृहाची पद्धत आली आणि एवढी गुंतवणूक न झेपणारे छोटे गट बाहेर पडले. एकीकडे गट उभे करायचे आणि दुसरीकडे निविदेच्या अटींनी त्यांना वगळायचे, असा हा कारभार.

शहरात गट मोडतात त्याचे मुख्य कारण घर बदलणे हे आहे. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो, झोपडपट्टी पुनर्वसनात काही जणी संक्रमण शिबिरात जातात, काही गावी परततात; बैठकीला चारच जणी उरतात आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्यांअभावी खाते अडकून पडते. गावात शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, त्यामुळे तिथले नियम जसेच्या तसे शहरात आणणे ही मूळची चूक होती, असे म्हणायला जागा आहे.

दुसरी अडचण सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कंपन्यांची. त्यांच्या कर्जालाही बायका ‘गटाचं कर्ज’च म्हणतात. त्यात बचत नसते. एकमेकींची हमी, ठरल्या दिवशीचा हप्ता आणि दारात येणारा वसुली अधिकारी असतो. बचत गटाचे कर्ज मिळायला सहा महिने वाट पाहावी लागते, कंपनीचे काही दिवसांत हाती पडते, त्यामुळे एकाच बाईवर दोन-तीन कंपन्यांचे हप्ते चढतात. 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले आहे. पण उत्पन्न तोंडी सांगितलेले असले की ही मर्यादाही लवचीक होते.

गटाबाहेर राहणाऱ्या एकट्या विक्रेत्यांसाठी जून 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. टाळेबंदीत भांडवल खाऊन बसलेल्या पथारीवाल्यांना त्यात 2025 पर्यंत आधी 10,000, ते फेडल्यावर 20,000 आणि नंतर 50,000 रुपये विनातारण मिळत. विक्रेता असल्याचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र पालिकाच देते, त्यामुळे फेरीवाल्यांचे सर्वेक्षण रखडलेल्या शहरांत अर्जही रखडतात.

नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली.