अपत्य व वंशज यांसाठीचे इंग्रजी शब्द (सोलापुरातील वापर)

मूल, संतती आणि वंशज यांसाठी इंग्रजीत ढोबळमानाने दोन थरांचे शब्द आहेत. ‘सन’, ‘डॉटर’, ‘चाइल्ड’ हे घरातले शब्द जुन्या जर्मानिक वळणाचे, तर ‘इश्यू’, ‘हेअर’, ‘प्रोजेनी’, ‘डिसेंडंट’ हे कागदावरचे शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आलेले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी (दख्खनची उर्दू) एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात इंग्रजीचा रिघाव झाला तो मुख्यतः कागदाच्या वाटेने. लेकराला हाक मारायला इथे कुणाला इंग्रजी लागत नाही. अर्ज भरताना मात्र लागते.

घरातल्या शब्दांशी मराठीचे दूरचे नाते आहे. ‘सन’ हा संस्कृत ‘सूनु’चा आणि ‘डॉटर’ हा ‘दुहितृ’चा भाऊबंद. ‘नेफ्यू’ची गोष्ट अधिक गमतीची. तो लॅटिन ‘नेपोस’वरून आला, त्याचा एक अर्थ नातू. संस्कृत ‘नप्तृ’ त्याच मुळाचा आणि त्यातूनच मराठी ‘नातू’ निघाला. म्हणजे एकच धातू मराठीत खाली नातवाकडे उतरला आणि इंग्रजीत बाजूला भाच्या-पुतण्यांकडे सरकला. नातवासाठी मग इंग्रजीला ‘ग्रँडसन’ घडवावा लागला. ‘ग्रँड’ म्हणजे मोठा; आजोबांना तो शोभतो, पण इंग्रजीने तो नातवालाही लावून टाकला. फ्रेंचमध्ये नातवाला ‘छोटा मुलगा’ म्हणतात, ते जास्त समंजस वाटते. पणतूसाठी पुढे ‘ग्रेट’ जोडतात, खापरपणतूसाठी दोनदा जोडतात.

‘चाइल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रन’ हे दुहेरी अनेकवचन आहे: जुने अनेकवचन लोकांना पुरेसे वाटेना, म्हणून त्यावर आणखी एक प्रत्यय चढला. ‘किड’चा मूळ अर्थ करडू. ‘चाइल्ड’मध्ये वय आणि नाते दोन्ही येतात, त्यामुळे साठीतला माणूसही आईवडिलांचा ‘चाइल्ड’च राहतो. मराठी कागदपत्रांनी यासाठी ‘अपत्य’ हा शब्द धरला आणि निवडणुकीच्या अर्जातल्या दोन अपत्यांच्या अटीमुळे तो गावोगाव पोचला.

इंग्रजी सर्वांत अपुरी पडते ती ‘नेफ्यू’ आणि ‘नीस’ या शब्दांपाशी. पुरुषाच्या बहिणीचा मुलगा भाचा, भावाचा मुलगा पुतण्या. बाईच्या बाबतीत भावाचा मुलगा भाचा, दिराचा पुतण्या. इंग्रजी या सगळ्यांना एका पंगतीत बसवते. सोलापुरात हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत इथल्या पद्मशाली विणकरांत आणि कित्येक मराठी व कन्नड घरांतही चालत आली आहे. त्यामुळे भाचा हा होऊ शकणारा जावई असतो, पुतण्या कधीच नाही. कन्नडमध्ये ‘अळिय’ म्हणजे जावई आणि बहिणीचा मुलगाही. तेलुगूत जावई ‘अल्लुडु’ आणि भाचा ‘मेनल्लुडु’. दखनी वेगळीच काटेकोर: मुलाचा मुलगा ‘पोता’, मुलीचा ‘नवासा’. मराठी ‘नातू’, कन्नड ‘मोम्मग’ आणि तेलुगू ‘मनवडु’ हा भेद करत नाहीत, इंग्रजीही करत नाही.

‘अडॉप्टेड सन’ हा शब्द इंग्रजांकडे होता, पण दत्तकविधान त्यांच्या कायद्यात १९२६ पर्यंत नव्हते. जिल्ह्यातले अक्कलकोट संस्थान मात्र अशाच नात्यावर उभे राहिले: छत्रपती शाहूंनी लोखंडे घराण्यातल्या राणोजीला पुत्रवत वाढवून फत्तेसिंह भोसले हे नाव दिले आणि अक्कलकोटची जहागीर पुढे त्याच्या वंशात राहिली. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती वारल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांचा दत्तक पुत्र नामंजूर केला. ‘हेअर’ म्हणजे वारस; या शब्दाच्या अर्थावर राज्ये जात होती, असा तो काळ.

शाळेच्या सूचनांमध्ये येणारा ‘वॉर्ड’ हा शब्दही असाच. इंग्रजी कायद्यात तो पालकत्वाखाली असलेल्या, वयात न आलेल्या मुलाचा वाचक. भारतीय इंग्रजीत तो सर्रास स्वतःच्याच मुलासाठी वापरतात. विडी कामगारांच्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदत योजनेच्या इंग्रजी नावात तोच आहे, आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या या शहरात त्या योजनेशी पुष्कळ घरांचा संबंध येतो. एरवी सोलापूरकराच्या लेखी वॉर्ड म्हणजे महापालिकेचा, नाहीतर दवाखान्यातला.

‘लीगल हेअर’ मात्र पक्का मुरलेला आहे. यातल्या ‘हेअर’चा ‘ह’ इंग्रजीत उच्चारत नाहीत, इथे सगळेच उच्चारतात. तलाठ्याकडे वारस नोंद आणि वंशावळ, वकिलाकडे लीगल हेअर, अशी वाटणी दिसते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांची यादी मुलगा-मुलीपासून सुरू होते आणि इंग्रजीत नेमके शब्द नसल्याने पुढे ‘आधी मयत झालेल्या मुलाचा मुलगा’ अशा लांबलचक वर्णनांनी चालते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची जी पद्धत या कायद्याने ठेवली, ती मिताक्षरेतली; याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ते आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. तेव्हापासून जमिनीच्या फेरफार नोंदीत ‘डॉटर’चे नाव ‘सन’च्या बरोबरीने लागते. पुष्कळदा त्यापाठोपाठ तिचे हक्कसोडपत्रही जोडलेले असते.