टीएमटी नॉर्मल होती, मग झटका आला कसा?

गरब्यात, जिममध्ये किंवा वरातीत नाचताना कोणी कोसळल्याची बातमी इंदूरच्या पेपरात आली की दुसऱ्या दिवशी लालबागेत फिरणाऱ्यांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, आत्ताच टीएमटी केली होती, एकदम नॉर्मल!" (टीएमटी म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी.) अशा प्रत्येक मृत्यूचं कारण एकच नसतं. अगदी तरुण मुलांमध्ये आनुवंशिक कारणानं जाड झालेला हृदयाचा स्नायू किंवा हृदयाच्या विद्युत-लयीतला दोषही असू शकतो. पण चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा धमनीच्या भिंतीत असतं.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असतात. नळात गाळ साचावा तसं त्यांत कोलेस्टेरॉल साचत जातं आणि एक दिवस नळ बंद पडतो, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे. कोलेस्टेरॉल साचतं ते भिंतीच्या आत.

धमनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. धमनी सरळ असते तिथे रक्त एकाच दिशेनं वाहतं; त्या पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट होऊन ओळीत बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी सैल ठेवतात. (या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं.) धमनीला फाटा फुटतो तिथे मात्र प्रवाह मंदावतो, मागेपुढे हेलकावतो. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या बसतात, अस्तर ढिलं पडतं. कोलेस्टेरॉल सगळ्या धमन्यांतून सारखंच वाहतं, तरी रोग फाट्यांपाशी आधी धरतो तो यामुळे. या आजारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

या ढिल्या जागेतून एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण आत शिरतात. एकेक कण 20-25 नॅनोमीटरचा. आतल्या प्रोटिओग्लायकन रेणूंना ते चिकटतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत येतात, त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, होतात आणि हे कण गिळू लागतात. साध्या पेशीला कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती आपले एलडीएल-ग्राहक (हे कण पकडणारे पेशीवरचे रेणू, रिसेप्टर) कमी करते. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांचं 1985 चं नोबेल याच ग्राहकांच्या कामासाठी होतं. मॅक्रोफेज वापरतात ते स्कॅव्हेंजर ग्राहक, आणि त्यांना ही मर्यादा नसते. खाऊन खाऊन त्या फेसाळ होतात, तिथेच मरतात, आणि मागे मेदाचा मऊ गोळा उरतो. भिंतीतल्या स्नायूपेशी त्यावर कोलॅजेनचं आवरण घालतात. हा झाला प्लाक.

आता गंमत अशी की प्लाक वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे रक्ताची वाट बराच काळ मोकळीच राहते. अँजिओग्राफीत वाट दिसते, भिंत दिसत नाही. टीएमटीत दोष उमटतो तो साधारणपणे वाट 70 टक्क्यांच्या आसपास अरुंद झाल्यावर. इकडे आत मॅक्रोफेजचे एन्झाइम कोलॅजेन कुरतडत असतात. आवरण 65 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहून, पातळ झालं की ते फाटण्याचा धोका वाढतो. फाटलं की आतला टिश्यू फॅक्टर (रक्त गोठवायला लावणारं प्रथिन) रक्ताला भिडतो, प्लेटलेट्स धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी धमनी बंद करते. कालपर्यंत 40 टक्के अरुंद असलेली धमनी आज शंभर टक्के बंद होऊ शकते.

म्हणून 'ब्लॉकेज खोलणारा' लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा व्हॉट्सॲपवर फिरताना दिसला की मला मनापासून राग येतो. जो गोळा अस्तराखाली, भिंतीत आहे, त्याला पोटात गेलेला काढा खरवडणार कसा? त्यापायी कोणी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करतं, हे तर घातक आहे. स्टॅटिननं वाट फारशी रुंद होत नाही, पण मेद घटतो आणि आवरण जाड होतं. जीव वाचतो तो त्यामुळे.

2004 साली 52 देशांतला इंटरहार्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचं मध्यक वय दक्षिण आशियात 53 निघालं, इतरत्र 59 च्या आसपास. तंबाखू, बिघडलेले लिपिड (रक्तातले मेद), रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी या नऊ गोष्टींनी जगभरातल्या झटक्यांचा जवळपास 90 टक्के धोका स्पष्ट होतो. आपल्याकडे सगळा दोष पोहे-जलेबीवर टाकायची पद्धत आहे. मला पोह्यांपेक्षा त्यानंतर तोंडात जाणाऱ्या गुटख्याची जास्त काळजी वाटते.

'मी बारीक आहे, मला काय होतंय' हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! त्यांच्याच अभ्यासात पुण्याची नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची होती आणि साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण पुण्याच्या बाळांची चरबी वजनाच्या मानानं घटलेली नव्हती. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर, रक्तदाब आणि लिपिड तपासून घ्या. घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल तर लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) आयुष्यात एकदा तरी तपासा. ते मुख्यतः आनुवंशिक असतं, पथ्यानं फारसं हलत नाही.

आणि रात्री छातीत दाब आला, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत सकाळची वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी नुसताच दम लागतो किंवा मळमळतं. धमनी बंद पडल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो. ज्या दवाखान्यात ईसीजीची सोय आहे तिथे थेट जा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, आणि तो काढा असं नातेवाइकांनी स्वतः सांगायला कचरू नये.