सायबर-भौतिक प्रणाली आणि आधुनिक उत्पादन

सायबर-भौतिक प्रणाली : यंत्राची प्रत्यक्ष हालचाल आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणारी संगणकीय गणना यांना एकाच वर्तुळात बांधणारी व्यवस्था. सेन्सर तापमान, कंपन, दाब, लांबी असे काही मोजतो, संगणक त्यावरून निर्णय घेतो, मोटर, झडप किंवा रोबोचा हात तो अमलात आणतो आणि झालेला बदल सेन्सर पुन्हा मोजतो. मोजमाप खरे हवे आणि ते वेळेवर पोहोचायला हवे, ही या वर्तुळाची मुख्य अट आहे.

हे नाव २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील हेलन गिल यांनी दिले. कारखान्यांत त्याची पूर्वतयारी बरीच आधी झाली होती. मोटारीचे मॉडेल बदलले की रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या पॅनेलची वायरिंग नव्याने करावी लागे. या त्रासातून सुटण्यासाठी १९६८ मध्ये जनरल मोटर्सने पर्याय मागवला आणि डिक मॉर्ले यांच्या गटाने ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमने चालणारा औद्योगिक नियंत्रक, घडवला. पीएलसीमुळे एकेका मशीनचे नियंत्रण प्रोग्रॅमने बदलता येऊ लागले. अशी सुटी वर्तुळे एकमेकांशी आणि उत्पादनाच्या नियोजनाशी जोडणे ही पुढची पायरी होती. जर्मनीत २०११ च्या हॅनोव्हर औद्योगिक मेळ्यात ‘इंडस्ट्री ४.०’, म्हणजे चौथ्या औद्योगिक क्रांतीची संकल्पना मांडली गेली. हेनिंग कागरमान, वोल्फगांग वाल्स्टर आणि योहानेस हेल्बिग यांच्या २०१३ च्या अहवालाने तिच्या केंद्रस्थानी सायबर-भौतिक प्रणाली ठेवल्या.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनवरच्या बोअरिंगमधून, म्हणजे धातूच्या भागातील भोक (बोअर) नेमक्या मापाचे करण्याच्या कामातून, चांगले कळते. टूल झिजत जाते तसा बोअर काही मायक्रॉननी लहान येऊ लागतो. पूर्वी ऑपरेटर ठरावीक जॉबनंतर (घडवला जाणारा एकेक भाग म्हणजे जॉब) बोअर गेजने तपासून ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, बदलत असे. आता मशीनच्या पुढे बसवलेले गेज प्रत्येक जॉब मोजते आणि दुरुस्ती थेट कंट्रोलरला कळवते. ऐकायला हे सोपे वाटते, पण दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, बोअरमध्ये चिप (धातूचा कीस) किंवा कूलंट (टूल थंड ठेवणारे द्रव) राहिले तर माप चुकते. त्या एका मापावर विसंबून ऑफसेट बदलला, तर पुढचे चांगले जॉब रिजेक्ट होतात. म्हणून अनेक जॉबची सरासरी घ्यावी लागते आणि विसंगत माप बाजूला काढावे लागते. दुसरी अडचण विलंबाची. मशीन आणि गेज यांच्यामध्ये कन्व्हेयरवर चार जॉब असतील, तर दुरुस्तीचा परिणाम गेजला पाचव्या जॉबवर दिसणार. तोवर दर जॉबला तीच दुरुस्ती होत राहिली, तर बोअर दुसऱ्या टोकाला जातो. वर्तुळ पूर्ण झाले एवढ्याने भागत नाही. त्यात किती उशीर आहे याचे भानही त्याला असावे लागते.

बर्कली विद्यापीठाचे एडवर्ड ली यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. सर्वसाधारण संगणकीय प्रोग्रॅम उत्तर बरोबर आले की बरोबर ठरतो, ते किती वेळात यावे हे प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगितलेलेच नसते. यंत्रासाठी उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच घातक ठरू शकते. म्हणून कारखान्यातील नेटवर्कवर सर्व उपकरणांची घड्याळे मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने जुळवणारी मानके तयार झाली.

या क्षेत्रात बव्हेरियातील आंबेर्ग येथील सीमेन्सच्या कारखान्याचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. १९८९ पासून चालणाऱ्या या कारखान्यात पीएलसी बनतात आणि उत्पादनावर नियंत्रणही त्याच प्रकारचे पीएलसी ठेवतात. प्रत्येक सर्किट बोर्डवर स्वतंत्र कोड असतो. पुढची प्रक्रिया कोणती हे तो वाचून मशीनला समजते, त्यामुळे एकाच लाइनवर वेगवेगळी उत्पादने घेता येतात. कंपनीच्या माहितीनुसार सुमारे ७५ टक्के काम यंत्रे स्वतः करतात. तरीही तिथे हजाराहून अधिक माणसे काम करतात, हेही नोंदवायला हवे. प्रक्रिया सुधारणे आणि अनपेक्षित बिघाडाचे मूळ शोधणे हे काम त्यांच्याकडेच आहे.

जोडणीबरोबर धोकाही आला. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजांचा वेग पीएलसीमार्फत बिघडवला, आणि नियंत्रण कक्षात मात्र सर्व सुरळीत असल्याचे आकडे दिसत राहिले. मापच खोटे झाल्यावर अनुभवी ऑपरेटरही हतबल होतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाच्या मालवेअरने थेट सुरक्षा यंत्रणेलाच लक्ष्य केले. औद्योगिक नियंत्रण प्रणालींच्या संरक्षणासाठी आज आयईसी ६२४४३ ही मानकमालिका वापरली जाते.

भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणालींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. ३,६६० कोटी रुपयांच्या या अभियानातून देशातील संस्थांमध्ये २५ केंद्रे उभी राहिली. आयआयटी मुंबईतील इंटरनेट ऑफ थिंग्जचे केंद्र त्यांपैकी एक. अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमातील ‘सी४आय४’ ही इंडस्ट्री ४.० ची प्रयोगशाळा पुण्यात आहे.

लहान कारखान्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तिथे वीस-पंचवीस वर्षांच्या मशीन धडधाकट चालू असतात, पण त्यांच्या कंट्रोलरमधून माहिती बाहेर काढता येत नाही. अशा मशीनच्या स्पिंडल (टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा) चालवणाऱ्या मोटरच्या तारेभोवती करंट सेन्सर बसवला, तरी मशीन किती वेळ रिकामी राहिली आणि टूल कधी बोथट होऊ लागले याचा चांगला अंदाज येतो. मात्र हे आकडे नुसते पडद्यावर दाखवणाऱ्या व्यवस्थेलाही हल्ली सर्रास सायबर-भौतिक प्रणाली म्हटले जाते, ते बरोबर नाही. ती देखरेख झाली. आकड्यांवरून मशीनचा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आपोआप कमी झाला किंवा टूल बदलण्यासाठी मशीन स्वतः थांबली, तरच तिला हे नाव लागू पडते. जुन्या मशीनवर एवढे करायचे तर बहुधा कंट्रोलर आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारे युनिट) दोन्ही बदलावे लागतात, आणि लहान उद्योजकाचा हिशेब तिथेच अडतो.