ओहायोत हरणाच्या शिकारीला कुठलीही रायफल चालते?

अमेरिकेतल्या ओहायोने 2014 मध्ये हरणाच्या शिकारीला रायफलींची मुभा दिली, तेव्हापासून ‘आता कुठलीही चालते’ हा समज फिरतोय. साफ चूक. काडतुसाचं कवच सरळ हवं, कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात) .357 ते .50, बंदुकीत (चेंबर-मॅगझिन मिळून) जास्तीत जास्त तीन काडतुसं. .45-70 काडतुसाची रायफल चालते. .30-30 तिच्याहून बारीक, पण कवचाला मान आहे (तोंडाशी ते एकदम अरुंद होतं) आणि कॅलिबरही कमी, म्हणून बाद!

‘शॉटगनची स्लग (छऱ्यांऐवजी झाडायची एकच जाड गोळी) लांब जात नाही’ हेही अर्धसत्यच. पेनसिल्व्हेनियाच्या 2007 च्या अहवालातल्या हिशोबानुसार आडव्या नेमाने झाडलेली स्लग जमिनीवरून उसळून .30-06 रायफलच्या गोळीपेक्षा पुढे जाते. नळी बरीच वर रोखली, तर मात्र रायफलच पुढे.