०.८ हा आकडा आला कुठून?

रोज किती प्रथिने खावीत, या प्रश्नाचे उत्तर माणसाने गेली दीडशे वर्षे मुख्यतः बाटल्यांमध्ये शोधले आहे. लघवीच्या बाटल्यांमध्ये. चोवीस तासांची लघवी, एक थेंबही न सांडता, साठवायची आणि तिच्यातला नायट्रोजन मोजायचा. ऐकायला कसेसेच वाटते खरे. पण आहारतक्त्यांत आज जो 'किलोमागे ०.८ ग्रॅम' दिसतो, तो या बाटल्यांतूनच वर आलेला आहे. त्या हिशेबाने ७० किलोच्या माणसाला दिवसाला ५६ ग्रॅम पुरतात. त्याच माणसाला व्यायामशाळेत कोणी तरी छातीठोकपणे ११० सांगतो. दोघेही शास्त्राचा हवाला देतात आणि दोघांचेही बरोबर असू शकते, कारण या काळात आकडा जितक्या वेळा बदलला, तितक्याच वेळा मुळातला प्रश्नही बदलला.

आधी नायट्रोजनच का, ते पाहू. पिष्टमय पदार्थांत आणि चरबीत तो नसतो. प्रथिनांत तो वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. म्हणजे एक ग्रॅम नायट्रोजन दिसला की ६.२५ ग्रॅम प्रथिने धरायची. शरीर प्रथिने मोडते तेव्हा हा नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर टाकते. मग हिशेब वाण्याच्या वहीइतका सोपा होतो: खाल्लेला जमा, बाहेर पडलेला खर्च. शिल्लक शून्य असेल तर प्रौढ माणसाचे भागले, उणे असेल तर शरीर स्वतःलाच खात आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची सुटसुटीत पद्धत बसवली आणि हा जमाखर्च कुठल्याही प्रयोगशाळेत मांडता येऊ लागला. पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिने नव्हे, हे मात्र विसरायचे नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळणाऱ्यांनी नेमका याच फटीचा फायदा घेतला.

नायट्रोजन असलेल्या अन्नाशिवाय प्राणी जगत नाही, हे त्याच्याही आधी कळले होते. १८१६ मध्ये फ्रांस्वा माजँदी यांनी पॅरिसमध्ये कुत्र्यांना केवळ साखर आणि पाणी देऊन पाहिले. कुत्री खंगून महिन्याभरात मेली. 'प्रोटीन' हा शब्द मात्र १८३८ चा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांना तो स्वीडनच्या बर्झेलियस यांनी पत्रातून सुचवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या स्थानी असलेले'. आपल्या 'प्रथिन'मध्येही 'प्रथम' ऐकू येतोच. नावातच पहिला नंबर दिल्यावर पुढच्या मंडळींनी त्याला डोक्यावर घेतले, यात नवल नाही.

सर्वात उंच नेऊन बसवले ते जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग यांनी. स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःतले प्रथिनच खर्च करतो, असे त्यांनी १८४२ मध्ये मांडले. म्हणजे जितके कष्ट जास्त, तितके मांस जास्त. लीबिग यांचा दबदबा एवढा होता की ही कल्पना कोणी प्रत्यक्ष तपासल्यावाचूनच वीस-पंचवीस वर्षे चालली. आजही 'घाम गाळलास ना, मग प्रोटीन खा' असे म्हणणारा नकळत लीबिगच बोलत असतो.

ती तपासली दोन प्राध्यापकांनी, डोंगर चढून. झुरिकचे आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस ३० ऑगस्ट १८६५ रोजी स्वित्झर्लंडच्या फाउलहॉर्न शिखरावर निघाले. आदल्या दुपारपासून दोघांनी प्रथिनांना हात लावला नव्हता. पिष्ट, चरबी आणि साखर यांच्यावरच राहिले होते. चढण १,९५६ मीटरची. फिक ६६ किलोचे, विस्लिसेनुस ७६ किलोचे, म्हणजे नुसते स्वतःचे वजन वर नेण्याचे काम गुणाकाराने निघते. वाटेत आणि वर पोहोचल्यावर लघवी जमवली आणि तिच्यातल्या नायट्रोजनवरून किती प्रथिने खर्ची पडली ते काढले. प्रत्येकी साधारण ३७ ग्रॅम. तेवढी प्रथिने जाळून किती ऊर्जा मिळते हे फिक यांचे मेहुणे, इंग्लंडचे एडवर्ड फ्रँकलंड, यांनी पुढच्या वर्षी मोजले. ती चढणीच्या कामाच्या जेमतेम निम्मी भरली! उरलेले काम पिष्ट आणि चरबीने केले होते, हे उघड झाले. स्नायू हे इंजिन आहे, प्रथिन हे त्याचे लोखंड आहे, इंधन नव्हे.

इथे लीबिग यांचा सिद्धान्त कोसळला, पण आकडा शाबूत राहिला. म्युनिकचे कार्ल फॉन फॉइट यांनी मध्यम कष्टाच्या पुरुषासाठी रोज ११८ ग्रॅम प्रथिने ठरवली. कशावरून? धडधाकट कामगार काय खातात हे पाहून. फॉइट यांचे शिष्य विल्बर अ‍ॅटवॉटर अमेरिकेत परतले आणि त्यांनी तिथल्या कामगारांची ताटे तपासून १२५ ग्रॅम सांगितले. लोक जे खातात तेच त्यांना लागते, असे यात गृहीत धरले होते. हा तर्क मला नेहमी थोडा गमतीचा वाटतो. लोक किती चहा पितात हे मोजून चहाची 'गरज' ठरवण्यासारखाच तो आहे. तरी फॉइट यांना अगदीच मोडीत काढू नये. त्यांच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

उलटा प्रश्न विचारला येल विद्यापीठातल्या रसेल चिटेंडन यांनी: किमान कितीवर भागते? १९०२ च्या सुमारास होरेस फ्लेचर नावाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांच्याकडे आले. घास पार पातळ होईपर्यंत चावत राहायचे, हे फ्लेचर यांचे खूळ. खात अगदी थोडे आणि तरी ठणठणीत. चिटेंडन यांनी प्रयोग आधी स्वतःवर केला. रोजची प्रथिने ४० ग्रॅमच्या आसपास आणली, वजन ६५ किलोवरून ५७ वर आले आणि गुडघ्याचे जुने दुखणे पळाले, असे त्यांनीच नोंदवले आहे. मग सहकारी प्राध्यापक, लष्कराच्या वैद्यकीय पथकातले जवान आणि विद्यापीठातले खेळाडू यांना कित्येक महिने फॉइट यांच्या निम्म्या प्रथिनांवर ठेवले. ताकद मोजली तर ती घटण्याऐवजी वाढली होती. टीकाकार म्हणाले, रोज त्याच यंत्रांवर जोर काढून सरावाने वाढली असेल. आक्षेप रास्त होता. पण निम्म्यात माणूस कोलमडत नाही, एवढे तर सिद्ध झालेच. स्वतः चिटेंडन ८७ वर्षे जगले. एका माणसाच्या आयुष्याने काही सिद्ध होत नाही, पण विरोधकांची पंचाईत नक्कीच झाली असणार.

तोवर सगळी प्रथिने एकाच तागडीत तोलली जात होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत थॉमस ऑस्बॉर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना मक्यातले झेन हे एकच प्रथिन दिले, तर उंदीर वाढेनात. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते सुटे घटक, घातली की वाढू लागत. पुढे इलिनॉयमध्ये विल्यम रोझ यांनी १९३५ मध्ये थ्रिओनिन हे शेवटचे आवश्यक (म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारे) अमिनो आम्ल शोधले आणि १९४० च्या दशकात माणसांवर प्रयोग सुरू केले. माणसे म्हणजे त्यांचेच विद्यार्थी. मक्याचे पिष्ट, साखर आणि लोणकढे तूप यांच्या वड्या, वर शुद्ध अमिनो आम्लांचे मिश्रण, असे त्यांचे आठवडेच्या आठवडे जेवण. मिश्रणातून एक आवश्यक आम्ल गुपचूप काढले की काही दिवसांत नायट्रोजनची शिल्लक उणे जाई, भूक मरे, पोरे चिडचिडी होत. परत घातले की गाडी रुळावर. प्रौढासाठी अशी आठ आम्ले निघाली, नववे हिस्टिडिन नंतर जोडले गेले. 'किती' या प्रश्नाला 'कशातून' हा प्रश्न तेव्हापासून कायमचा चिकटला.

सरकारी आकडे याच काळात आले. राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी १९३६ मध्ये किलोमागे एक ग्रॅम सांगितला. अमेरिकेच्या १९४१ च्या पहिल्या शिफारशीत ७० किलोच्या पुरुषाला ७० ग्रॅमच दिले होते. एक किलो, एक ग्रॅम: लक्षात ठेवायला सोपा आणि अंगात थोडा सैल शिवलेला आकडा.

मग प्रथिनांना राजकारणाने गाठले. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांमध्ये क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजाराचे वर्णन केले होते. महायुद्धानंतर त्यावरून निष्कर्ष निघाला की गरीब जगाचा खरा रोग प्रथिनांचा तुटवडा आहे. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी 'येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा'चा अहवालच काढला. माशांचे पीठ, पेट्रोलियमवर वाढवलेले यीस्ट, काय काय योजले गेले. अन्न व कृषी संघटनेचे सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी आकडेवारी मांडून वेगळेच म्हटले: पोटभर अन्नच मिळत नाही, म्हणून प्रथिने कमी पडतात. उष्मांक अपुरे असले की शरीर खाल्लेली प्रथिने चुलीत घालते. नुसती प्रथिनांची भुकटी देऊन तुटवडा भरत नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रकाराला सरळ 'प्रथिनांचा महाफज्जा' म्हटले. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, आंतरराष्ट्रीय समितीने पुरुषासाठी अंडे-दुधाच्या दर्जाची प्रथिने किलोमागे ०.५७ ग्रॅम इतकी खाली आणली. टीका झाली, नवे दीर्घ प्रयोग झाले आणि १९८५ मध्ये ती ०.७५ वर गेली.

आजचा आकडा २००३ च्या एका फेरहिशेबावर उभा आहे. रँड, पेलेट आणि यंग या संशोधकांनी जगभरातले नायट्रोजन शिलकीचे प्रयोग गोळा केले आणि त्यांतले २३५ माणसांचे मोजमाप धरले. मधल्या माणसाची गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम निघाली. निम्म्यांना याहून जास्त लागणार, म्हणून वर भर घालून ०.८३ केले, जेणेकरून शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोक त्यात बसावेत. अमेरिकेने तोच आकडा ०.८० केला, जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ०.८३ ठेवला. म्हणजे 'जेमतेम किमान' म्हणून ०.८ ची हेटाळणी करणे चूक आहे. बहुतेकांसाठी त्यात भर धरलेली आहे. पण तो कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे, तेही पाहावे: शरीरातून नायट्रोजन गळू नये यासाठी किती? स्नायू बळकट राहावेत, म्हातारपणी जिना चढता यावा, असे त्या प्रश्नात काही नाही.

शिवाय वहीतच एक खोट आहे. ताटाला चिकटून राहिलेला घास 'खाल्ला' म्हणून जमा होतो. न सापडलेली लघवी, घाम, गळलेले केस, नखे खर्चात पुरती येत नाहीत. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात: शिल्लक आहे त्याहून जास्त दिसते आणि गरज आहे त्याहून कमी. म्हणून टोरोंटोच्या संशोधकांनी बाटली सोडून श्वास धरला. एका खुणेच्या अमिनो आम्लाचे किती ज्वलन होते हे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ओळखायचे. प्रथिने पुरेशी झाली की ते ज्वलन आणखी घटायचे थांबते. २००७ मध्ये त्यांनी तरुण पुरुषांसाठी सरासरी ०.९३ आणि सुरक्षित पातळी १.२ ग्रॅम सांगितली. प्रयोगातले पुरुष होते आठ आणि एकेका पातळीवरचे मोजमाप काही तासांचे. तेव्हा यावर एवढ्यात शिक्का मारायला मी तयार नाही, पण दिशा पटते.

राहिला सक्रिय माणूस. २००२ च्या अमेरिकी अहवालाने स्पष्ट लिहिले होते की व्यायाम करणाऱ्या निरोगी प्रौढाला वेगळी वाढीव प्रथिने सुचवण्याइतका पुरावा नाही. क्रीडावैद्यकाच्या संघटना हे मानत नव्हत्या. २०१६ च्या त्यांच्या संयुक्त निवेदनात खेळाडूंसाठी १.२ ते २.० ग्रॅम आहे. २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा वजने उचलणाऱ्यांचा स्नायू किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढतो आणि त्यापुढे प्रथिने वाढवून फरक पडत नाही, असे दिसले. ७० किलोला ते ११२ ग्रॅम होतात. फॉइट यांनी कामगारांच्या ताटात पाहिलेले ११८ यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. फक्त त्यांच्याकडे याचे कारण नव्हते.

वयस्कांसाठी २०१३ मध्ये तज्ज्ञगटाने १.० ते १.२ सुचवले, कारण उतारवयात तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतो. रोज तासभर झपाझप चालणारा, आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलणारा, पण स्पर्धेत न उतरणारा माणूस या सगळ्या प्रयोगांच्या मधल्या फटीत राहतो. त्याच्यासाठी मी १.० ते १.२ धरतो, म्हणजे ७० किलोला ७० ते ८४ ग्रॅम. वजन उतरवत असेल तर थोडे जास्त. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र यातला एकही आकडा लागू नाही, तो हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा. आणि अंगावर चरबी बरीच असेल तर गुणाकार काट्यावरच्या वजनाने न करता उंचीला साजेशा वजनाने करावा; चरबीला प्रथिने फारशी लागत नाहीत.