वास्तव शक्ती आणि प्रतिक्रियाशील शक्ती

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या, म्हणजे एसीच्या मंडलात तारेतून जाणाऱ्या ऊर्जेचे दोन हिशेब ठेवावे लागतात. जी ऊर्जा यंत्रात जाऊन उष्णता, प्रकाश किंवा शाफ्टचे फिरणे होते आणि परत येत नाही, तिचा दर म्हणजे वास्तव शक्ती. ती किलोवॉटमध्ये मोजतात. जी ऊर्जा यंत्राच्या चुंबकीय किंवा विद्युत् क्षेत्रात क्षणभर साठते आणि पुन्हा पुरवठ्याकडे परतते, तिच्या येरझारीचे माप म्हणजे प्रतिक्रियाशील शक्ती. तिचे एकक किलोव्हार. कारखान्यात ही नावे क्वचितच ऐकू येतात. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला वायरमन ‘केडब्ल्यू’, ‘केव्हीएआर’ आणि ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतो, आणि विद्युत् क्षेत्रात ऊर्जा साठवणाऱ्या धारित्राला सरळ ‘कंडेन्सर’.

आपल्याकडे पुरवठा सेकंदाला 50 चक्रांचा, म्हणजे एक चक्र 20 मिलिसेकंदांचे. इस्त्री किंवा गिझरमध्ये दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह एकाच लयीत चढतात-उतरतात, त्यामुळे ऊर्जा एकाच दिशेने, यंत्राकडे वाहते. तारेच्या वेटोळ्याचे (कॉइलचे) तसे नसते. निव्वळ वेटोळ्यात प्रवाह दाबाच्या पाव चक्र, म्हणजे 5 मिलिसेकंद मागे राहतो. पाव चक्र वेटोळे ऊर्जा घेऊन चुंबकीय क्षेत्र उभे करते, पुढच्या पाव चक्रात क्षेत्र ओसरते आणि घेतलेले सगळे परत जाते. सेकंदाला शंभर वेळा चाललेली ही उसनवारी आहे. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर पुरती परत केली तरी जिन्याची चढउतार चुकत नाही; इथेही येणारा-जाणारा प्रवाह दोन्ही खेपांना तार तापवतोच.

पण म्हणून प्रतिक्रियाशील शक्तीला ‘वाया जाणारी शक्ती’ म्हणण्याची जी सवय आहे ती चुकीची आहे. हे चुंबकीय क्षेत्र नसेल तर इंडक्शन मोटर फिरणार नाही आणि रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) एका वेटोळ्याची ऊर्जा दुसऱ्यात जाणार नाही. उसनवारी टळत नाही. ती कोणाकडून करायची एवढेच आपल्या हाती असते. धारित्रात प्रवाह दाबाच्या पाव चक्र पुढे असतो, त्यामुळे वेटोळे मागते त्याच क्षणी धारित्र देते, आणि वेटोळे परत करते तेव्हा ते घेते. दोघे शेजारी बसवले तर देवघेव आपापसात मिटते, आणि मैलभर दूरच्या रोहित्रापर्यंत खेपा घालाव्या लागत नाहीत. वेटोळे ही शक्ती ‘खाते’ आणि धारित्र ती ‘निर्माण करते’ असे म्हणतात, तो केवळ जमाखर्चाचा संकेत आहे.

दाब गुणिले प्रवाह हा साधा गुणाकार म्हणजे भासमान शक्ती, एकक केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर). वास्तव शक्तीचा वर्ग अधिक प्रतिक्रियाशील शक्तीचा वर्ग म्हणजे भासमान शक्तीचा वर्ग; शाळेतला काटकोन त्रिकोणच. वास्तव भागिले भासमान म्हणजे पॉवर फॅक्टर किंवा शक्तिगुणक. समजा एका वर्कशॉपचा भार 72 किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर 0.8 आहे. मग भासमान शक्ती 90 केव्हीए, प्रतिक्रियाशील 54 किलोव्हार, आणि 415 व्होल्टच्या थ्री-फेज लाइनवर प्रवाह सुमारे 125 अँपिअर. पॅनेलमध्ये 33 किलोव्हारचे कंडेन्सर जोडले की बाहेरून 21 किलोव्हारच घ्यावे लागतात. पॉवर फॅक्टर 0.96, भासमान शक्ती 75 केव्हीए, प्रवाह सुमारे 104 अँपिअर. लेथ तेवढेच काम करतात, पण पुरवठ्यापासून कंडेन्सरपर्यंतच्या केबलमधली उष्णतेची तूट जवळजवळ 30 टक्के घटते, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते.

बिनभार चालणाऱ्या मोटरला क्लॅम्प मीटर लावला की ही गोष्ट डोळ्यांना दिसते. 10 अश्वशक्तीची मोटर, पट्टा उतरवलेला, शाफ्ट नुसता गरगरतोय. तरी मीटर पूर्ण भाराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रवाह दाखवतो. वीजमीटरवरचे युनिट मात्र रेंगाळत सरकतात. पॉवर फॅक्टर अशा वेळी 0.2च्या आसपास असतो. गरजेपेक्षा मोठी मोटर बसवून ती अर्ध्या भारावर चालवण्याची हौस पॉवर फॅक्टर बिघडवते ती यामुळेच. जुनी चोकवाली 40 वॉटची ट्यूबलाइट हे घरगुती उदाहरण: ती 230 व्होल्टवर सुमारे 0.43 अँपिअर घेते, म्हणजे जवळपास 99 व्होल्ट-अँपिअर, पण चोकची तूट धरूनही वास्तव शक्ती सुमारे 50 वॉटच.

घरच्या मीटरवर सहसा किलोवॉट-तासांचेच पैसे लागतात. प्लगमध्ये खोचायचे जे ‘वीजबचत’ डबे बाजारात मिळतात त्यांत बहुधा एक कंडेन्सर असतो. त्याने घरगुती बिल उतरत नाही. उद्योगांचे गणित निराळे. बडोदा हे 1960 साली स्थापन झालेल्या गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय होते. मंडळाची 2005 मध्ये विभागणी झाल्यावर शहराचा पुरवठा मध्य गुजरात वीज कंपनीकडे आला. तिथल्या उच्चदाब दरपत्रकाची रचना अशी राहिली आहे की सरासरी पॉवर फॅक्टर 90 टक्क्यांखाली गेला तर दंड, 95 टक्क्यांवर गेला तर सूट. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणीच केव्हीए-तासांवर नेली. ही पद्धत अधिक सरळ वाटते. दंडाचे वेगळे कलम लागतच नाही.

कारखान्यांतल्या स्वयंचलित पॅनेलमध्ये रिले पॉवर फॅक्टर पाहत राहतो आणि लागेल तसे कंडेन्सर आत-बाहेर करतो. काँटॅक्टरची ‘खट्’ ऐकू येते. बंद केलेला कंडेन्सर लगेच हाताळू नये. त्याच्यावरच्या रोधकांमधून दाब 75 व्होल्टखाली उतरायला तीन मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

एसीच्या गणितात संमिश्र संख्या रुळवण्याचे श्रेय चार्ल्स स्टाइनमेट्झला जाते. त्याचा निबंध 1893चा. ‘व्हार’ हे नाव रुमानियन अभियंता कॉन्स्टँटिन बुडेआनू याने सुचवले आणि 1930 मध्ये स्टॉकहोमला ते आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले. वरचा त्रिकोण मात्र प्रवाहाची लाट स्वच्छ असेल तेव्हाच पुरतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे) आणि एलईडी दिवे लाट वेडीवाकडी करतात. दाब-प्रवाह लयीत असूनही पॉवर फॅक्टर पडतो, आणि तिथे नुसते कंडेन्सर वाढवले तर अनुनादाने (रेझोनन्सने) तेच जळू शकतात. म्हणून त्यांच्यासोबत वेटोळी, म्हणजे रिअ‍ॅक्टर बसवतात.

प्रतिक्रियाशील शक्ती लांब वाहून नेता येत नाही; वाटेत दाब पडतो. उलट 400 केव्हीची (किलोव्होल्टची) लांब लाइन स्वतःच धारित्रासारखी वागते आणि दर शंभर किलोमीटरला सुमारे 55 मेगाव्हार निर्माण करते. रात्री भार उतरला की या जादा मेगाव्हारने दाब वर चढतो आणि उपकेंद्रांतले रिअ‍ॅक्टर ते शोषून घेतात. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता देशभर घरांतले दिवे मालवले गेले आणि मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने घसरली, तेव्हा नियंत्रण कक्षांनी वारंवारतेइतकीच चढत्या दाबाचीही धास्ती घेतली होती.